खटला कोणावर उभा राहतो? हॅक्टिव्हिस्ट गट चालवणाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

तुमची खरी नावे मला माहीत नाहीत आणि ती शोधून काढण्याची मला हौसही नाही. राजकीय निषेध म्हणून संकेतस्थळांवर हल्ले घडवणाऱ्या गटांची तुम्ही चॅनेल चालवता, ‘ऑप’ (हल्ल्याची मोहीम) जाहीर करता, टार्गेटची यादी टाकता, टूल डाउनलोड करायला दुवा देता आणि कधी हल्ला सुरू करायचा ती वेळ सांगता. हे पत्र तुमच्या त्या कामाबद्दल आहे. मी विद्यार्थ्यांना नेटवर्क आणि संगणक सुरक्षा शिकवते. तुमच्या यादीत सामील होणारी मुले माझ्यासमोर बाकांवर बसलेली असतात, त्यामुळे मला हा विषय टाळता येत नाही.

तुमच्या मागण्यांवर मी वाद घालणार नाही. काही मला पटतात, काही अजिबात पटत नाहीत. सरकारने माहिती दाबू नये, कंपन्यांनी लोकांची गळचेपी करू नये, युद्धात निष्पापांचे बळी जाऊ नयेत, याबद्दल सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला चीड येते ती खरीच असते. तुम्ही त्या चिडीला काम देता. पण ते काम अंगावर आले तर कुणाच्या अंगावर येईल, हे मात्र सांगत नाही. तुमच्या आवाहनांत ‘आपण सगळे निनावी आहोत’ हे वाक्य असते. ‘तुझ्यावर हे कलम लागू शकते’ हे वाक्य मी अजून एकाही आवाहनात पाहिलेले नाही.

डिसेंबर २०१० पासूनच बघू या, कारण तेव्हा जे घडले तेच आजही नव्या टूलच्या नावाखाली घडते आहे. गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सला मिळणाऱ्या देणग्या पेपाल, व्हिसा आणि मास्टरकार्ड या पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी अडवल्या. त्याचा निषेध म्हणून निनावी हॅकरांचा सैल गट असलेल्या अ‍ॅनॉनिमसने ‘ऑपरेशन पेबॅक’ पुकारले. संकेतस्थळावर विनंत्यांचा मारा करून ते बंद पाडण्यासाठी (यालाच डीडॉस म्हणतात) लोकांच्या हातात ‘एलओआयसी’ नावाचे टूल दिले गेले: पत्ता टाका, बटण दाबा, बाकी आपोआप. त्यात एक सोयही होती. टूल चॅटच्या सर्व्हरला जोडून ठेवले की टार्गेट कोणते आणि कधी, हे सगळे वरून ठरायचे. मुलाने फक्त आपला संगणक चालू ठेवायचा.

त्या टूलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीची ओळख) लपवण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. हल्ल्याची प्रत्येक विनंती स्वतःच्या घरच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून निघत होती. निनावी धमकीचे पत्र लिहून पाकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता छापावा, तसला हा प्रकार. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी हल्ले चालू असतानाच हे जाहीरपणे लिहिले होते. टूल हाती देणाऱ्यांना ते आधीपासून कळायला हवे होते. बटण दाबणाऱ्या बहुतेकांना ते कळलेच नाही.

पेपालने आपल्या लॉगमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदींमधून, सर्वाधिक मारा करणारे सुमारे एक हजार आयपी पत्ते काढले आणि एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेला दिले. हे करायला कोणतेही गुप्तहेर कौशल्य लागत नाही. लॉग लावायचा, विनंत्या मोजायच्या, उतरत्या क्रमाने मांडायच्या. ‘हजारो जण एकत्र असले की कुणाला पकडणार?’ या तुमच्या लाडक्या युक्तिवादाचे उत्तर याच यादीत आहे. सगळ्यांना पकडायचे नसतेच. यादीच्या वरच्या टोकाचे, ज्यांचा पत्ता सरळ सापडतो असे, काही पुरतात. आणि वरच्या टोकाला असतो कोण? ज्याने सर्वांत मनापासून, सर्वांत जास्त वेळ टूल चालू ठेवले तो. लपायचे कसे हे ज्याला येत होते, तो त्या यादीत नव्हताच.

हल्ले सुरू होऊन एक-दोन दिवस होतात न होतात तोच हेगमध्ये १६ वर्षांच्या मुलाला अटक झाली. २७ जानेवारी २०११ रोजी ब्रिटनमध्ये पाच जणांना पकडले. सर्वांत लहान १५ वर्षांचा, त्यानंतरचा १६ वर्षांचा. त्याच दिवशी अमेरिकेत एफबीआयने ४० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. जुलैमध्ये पेपाल प्रकरणात १४ जणांना अटक झाली. त्यांच्यावरच्या कलमांची कमाल शिक्षा एकत्र धरली तर १५ वर्षे. अडीच वर्षे तारखा पडत राहिल्या आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्यांपैकी १३ जणांनी गुन्हा कबूल केला. बहुतेकांना तडजोडीत सवलत मिळाली: वर्षभर वर्तन चांगले राहिले तर गंभीर गुन्ह्याची नोंद मागे घेतली जाईल, शिवाय प्रत्येकी सुमारे ५,६०० डॉलर भरपाई. पेपालची मूळ कंपनी ईबे हिच्या संस्थापकाने, पिएर ओमिड्यार यांनी, स्वतः जाहीर लेख लिहून या लोकांबद्दल नरमाईची मागणी केली होती. इतका वजनदार माणूस बाजूने बोलत असतानाही अडीच वर्षे गेली ती गेलीच.

आता भरपाईचा हिशेब बघा, कारण मुलांना हा भाग कुणीच समजावून सांगत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये कोक इंडस्ट्रीज या कंपनीच्या संकेतस्थळावर असाच हल्ला झाला. विस्कॉन्सिनमधल्या एका ट्रकचालकाने त्यात भाग घेतला. किती वेळ? सुमारे एक मिनिट. संकेतस्थळ बंद राहिले पंधरा मिनिटे. थेट नुकसान पाच हजार डॉलरपेक्षा कमी असल्याचे दोन्ही बाजूंना मान्य होते. तरी न्यायालयाने त्याच्याकडून भरपाई घेतली १,८३,००० डॉलर, वर दोन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा. हा आकडा आला कुठून? संकेतस्थळे सुरक्षित करण्यासाठी कंपनीने बाहेरून सल्लागार नेमले होते, त्यांचे बिल. म्हणजे हल्ला झाल्यावर समोरचा स्वतःच्या बचावासाठी जो खर्च करतो, तोही हल्ल्यात सापडलेल्या माणसाच्या नावावर चढू शकतो, आणि बाकीचे हजार जण सापडले नाहीत तर त्यांचा वाटाही. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. पण मला काय वाटते याने त्या माणसाचे कर्ज फिटत नाही.

‘पण आमचा हेतू चांगला होता.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर एका प्रकरणानेच देते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टूबेनव्हिल या गावात फुटबॉलच्या संघातल्या दोन मुलांनी एका मुलीवर बलात्कार केला. गाव प्रकरण दाबते आहे असे वाटून अ‍ॅनॉनिमसच्या एका तरुणाने आवाज उठवला. त्या संघाच्या चाहत्यांचे संकेतस्थळ हॅक झाले आणि प्रकरण जगभर गाजले. त्या दोन मुलांना बाल न्यायालयात शिक्षा झाली, एकाला किमान एक वर्ष, दुसऱ्याला किमान दोन. आवाज उठवणाऱ्या तरुणाला २०१७ मध्ये किती? दोन वर्षे तुरुंग. त्यात हॅकिंगच्या कटाबरोबर एफबीआयच्या अधिकाऱ्याला खोटे सांगितल्याचाही गुन्हा होता, आणि तो मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

कायदा हेतू बघतो, पण तो वेगळा हेतू. तुम्ही हे मुद्दाम केले का, परवानगी नव्हती हे तुम्हाला माहीत होते का, एवढेच दोषी ठरवताना पाहिले जाते. का केले, हा प्रश्न येतो शिक्षा ठरवताना, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून झाल्यावर. ब्रिटनच्या १९९० च्या ‘कॉम्प्युटर मिस्यूझ अ‍ॅक्ट’मध्ये सेवा बंद पाडण्याच्या गुन्ह्याला कमाल दहा वर्षे आहेत. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यात मुद्दाम नुकसान केल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत जाता येते. भारताच्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात सेवा विस्कळीत करणे, इतरांचा प्रवेश अडवणे हे कलम ४३ मध्ये येते, आणि तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही अप्रामाणिक कुठे आहोत?’ असे कुणी विचारील. कायद्यातली अप्रामाणिकपणाची व्याख्या स्वतःच्या फायद्यापुरती नाही. दुसऱ्याचे गैररीत्या नुकसान करण्याचा हेतूही तिच्यात बसतो. डीडॉसचा हेतू दुसरा काय असतो?

‘मी हल्ला केलाच नाही, मी फक्त चॅनेल सांभाळत होतो, पोस्टर बनवत होतो, टार्गेट सुचवत होतो.’ हीही ढाल तकलादू आहे. ऑपरेशन पेबॅकमध्ये ब्रिटनमध्ये सर्वांत मोठी शिक्षा, अठरा महिने, एका विद्यापीठीय विद्यार्थ्याला झाली. स्वतः हल्ल्यात भाग घेतला नाही असे तो सांगत राहिला. पण गटाच्या गप्पा ज्या सर्व्हरवर चालत त्यांच्या व्यवस्थेत त्याचा हात होता, आणि ज्यूरीने त्याला कटाबद्दल दोषी ठरवले. पेपालने तिथे सांगितलेला खर्च ३५ लाख पौंड होता. कट, चिथावणी, मदत, प्रयत्न ही कलमे बहुतेक देशांच्या कायद्यांत असतात. भारतीय कायद्यात तर मदत करणे कलम ४३ मध्येच नमूद आहे, चिथावणीला आणि प्रयत्नाला वेगळी कलमे आहेत. ब्रिटनमध्ये गुन्ह्यासाठी टूल बनवणे किंवा पुरवणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. अ‍ॅडमिन महाशय, हा परिच्छेद तुम्ही स्वतःसाठीही पुन्हा वाचावा.

कधी कधी तर मुलाने टूल उतरवलेलेही नसते. जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड हे फाइल-शेअरिंगचे संकेतस्थळ बंद झाल्यावर अ‍ॅनॉनिमसच्या नावाने असे दुवे पसरवले गेले की पान उघडताच ब्राउझर स्वतःच हल्ल्यात सामील व्हायचा. कुतूहल म्हणून टिचकी मारणाऱ्याचा पत्ताही लॉगमध्ये. त्याच दिवसांत दुसऱ्या एका टूलच्या आवृत्तीत झ्यूस नावाचा ट्रोजन (छुपा घातक प्रोग्राम) घुसवलेला होता, हे सिमँटेक या सुरक्षा कंपनीने उघड केले. आंदोलक दुसऱ्याच्या सर्व्हरवर हल्ला करत होते आणि टूल त्यांच्याच बँक खात्यांचे पासवर्ड पळवत होते. तुम्ही देता ते टूल आतून काय करते, हे तुमच्यातल्या किती जणांनी वाचून पाहिले आहे?

आता व्हीपीएनवाल्यांकडे वळते. ‘ते जुने झाले, आता आम्ही व्हीपीएन वापरतो’ असे प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा म्हणतो. २०११ मध्ये लुल्झसेक या हॅकर गटातला एक २३ वर्षांचा विद्यार्थीही वापरत होता. सोनी पिक्चर्सवरच्या हल्ल्याचा तपास त्याच्या व्हीपीएन कंपनीपर्यंत गेला, न्यायालयाचा आदेश आला आणि कंपनीने नोंदी दिल्या. त्याला एक वर्ष एक दिवस तुरुंग, त्यानंतर घरात स्थानबद्धता, एक हजार तास समाजसेवा आणि सहा लाख डॉलरहून अधिक भरपाई. व्हीपीएन म्हणजे आपला पत्ता जगापासून लपवून एका कंपनीला सांगणे. त्या कंपनीवर कोणत्या देशाचा कायदा चालतो, हे मुलाने कधी तपासलेले नसते.

पण तांत्रिक चूक हा त्यातल्या त्यात लहान धोका. मोठा धोका तुम्ही आहात.

हे रागाने म्हणत नाही. लुल्झसेकचा म्होरक्या ‘साबू’ ७ जून २०११ रोजी एफबीआयच्या हाती लागला आणि लगेच त्यांच्यासाठी काम करू लागला. पुढचे नऊ महिने, मार्च २०१२ पर्यंत, चॅटमध्ये तोच आवेश, तीच भाषा, तीच चिथावणी, आणि मागे एफबीआय. त्याच काळात जेरेमी हॅमंड या हॅकरने स्ट्रॅटफर या कंपनीच्या संगणकांत घुसून माहिती काढली. ती ठेवायला साबूने जो सर्व्हर दिला तो एफबीआयने पुरवलेला होता. हॅमंडला दहा वर्षे झाली. साबूला सात महिने, तेही आधीच भोगून झालेले. ब्रिटनमध्ये त्याच गटाच्या चौघांना मे २०१३ मध्ये शिक्षा झाली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी १६ वर्षांचा शाळकरी मुलगा होता.

साबूवर नैतिक निकाल देण्यात मला रस नाही. त्याच्यावर लहान मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी होती आणि समोर शंभराहून अधिक वर्षांच्या कैदेची शक्यता होती. मला रस आहे तो या व्यवहाराच्या गणितात. सरकारी पक्षाला द्यायला ज्याच्याकडे जास्त असते, त्याला जास्त सवलत मिळते. म्होरक्याकडे सगळ्यांची हँडल (टोपणनावे), सगळ्यांच्या गप्पा, सगळ्यांच्या चुका असतात. काल सामील झालेल्या मुलाकडे काय असते? स्वतःचा कबुलीजबाब. म्हणजे तुम्ही पकडले गेलात, तर तुमच्याकडे विकण्याजोगा माल म्हणजे ही मुलेच. तुम्ही तसे कराल असे म्हणत नाही. पण ‘भावांनो, आपण एकमेकांच्या पाठीशी आहोत’ असे लिहिताना हे गणित तुम्हाला ठाऊक असते आणि त्यांना नसते.

गेल्या काही वर्षांत याला आणखी एक वळण लागले आहे. रशियाच्या बाजूने काम करणाऱ्या ‘नोनेम०५७(१६)’ गटाने ‘डीडॉसिया’ नावाचे टूल काढले: टेलिग्रामवरून नोंदणी, रोजची टार्गेट यादी, सहभागानुसार क्रमवारी, बॅजेस, वर क्रिप्टोत पैसे. जुलै २०२५ मध्ये युरोपोल आणि युरोजस्ट या युरोपीय पोलिस व न्याय यंत्रणांच्या समन्वयाने ‘ऑपरेशन ईस्टवुड’ झाले. शंभराहून अधिक सर्व्हर विस्कळीत केले, सात अटक वॉरंट निघाली. आणि एक हजाराहून अधिक समर्थकांना मेसेजिंग अ‍ॅपवरच संदेश गेला की, तुम्ही जे करता आहात त्याबद्दल तुमच्यावर फौजदारी जबाबदारी येते. क्रमवारी आणि कौतुकाच्या या खेळाचा ओढा खास करून कमी वयाच्या लोकांवर असतो, असे युरोपोलने तेव्हा म्हटले. मला त्यासाठी युरोपोलची गरज नव्हती. क्रमवारीत वर जाण्यासाठी रात्र जागणारी मुले मी रोज पाहते. फरक एवढाच की गेममधली क्रमवारी पुढे पुरावा म्हणून न्यायालयात येत नाही.

पैसे घेतले की ‘निषेध’ हा बचाव उरतोच किती? आणि गट एखाद्या सरकारच्या बाजूने लढत असेल, तर मुलगा संगणक गुन्ह्याच्या कायद्यातून उचलला जाऊन तोडफोड, परकीय सत्तेला मदत, दहशतवाद अशा कायद्यांच्या शेजारी जाऊन बसतो. भारतात कलम ६६एफ सायबर दहशतवादाबद्दल आहे. देशाच्या सुरक्षेला धोका पोचवण्याच्या हेतूने महत्त्वाच्या यंत्रणा किंवा अत्यावश्यक सेवा बंद पाडल्या तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ब्रिटनमध्येही २०१५ पासून राष्ट्रीय सुरक्षेला किंवा माणसांच्या जिवाला गंभीर हानी पोचवणाऱ्या संगणक गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते. युद्धाच्या काळात तर आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तज्ज्ञांनी युद्धात उतरणाऱ्या नागरी हॅकरसाठी आठ नियम मांडले. रुग्णालयांना हात लावू नका, नागरी यंत्रणांवर हल्ला करू नका, शत्रूने नियम मोडले तरी तुम्ही पाळा. त्यासोबत इशाराही होता: लढाईत थेट भाग घेणाऱ्या नागरिकाचे नागरिक म्हणून असलेले संरक्षण जाऊ शकते. घरात लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाला आपण ‘लढाईत’ आहोत हे कळते का?

रुग्णालयाचा विषय निघालाच आहे तर, २०१४ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयावर एका कार्यकर्त्याने डीडॉस केला. एका मुलीला तिच्या आईवडिलांपासून दूर ठेवले, हा त्याचा राग. रुग्णालयाचे नेटवर्क किमान दोन आठवडे विस्कळीत होते. त्याला दहा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. इथे मला न्यायालयाबद्दल तक्रार नाही.

तुरुंगात न जाणाऱ्यांचे काय होते, हे फारसे कुणी लिहीत नाही. झडती येते तेव्हा घरातले सगळेच संगणक आणि फोन जातात: भावाचे, आईचे, ज्याच्यात प्रकल्प आणि परीक्षेची तयारी आहे तेही. परत यायला महिने लागतात, कधी वर्षे. लुल्झसेकच्या दोन मुलांना इंटरनेट वापरायलाच मनाई होती. इतरांसाठी ती गैरसोय झाली असती, त्यांच्यासाठी तो अख्ख्या आयुष्याचा बंद झालेला दरवाजा होता. त्यांतला सर्वांत लहान पुढे लंडनमध्ये संगणकशास्त्रात पीएचडी करू शकला, हे मी वर्गात आवर्जून सांगते; पण तो अपवादाने हुशार होता आणि त्याची शिक्षा स्थगित झाली होती. व्हिसाच्या अर्जात, नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीत, सुरक्षेशी संबंधित कुठल्याही पदासाठी ‘कधी अटक झाली होती का?’ हा रकाना असतो. ज्या क्षेत्रात जायचे स्वप्न घेऊन मूल तुमच्याकडे आले, नेमके तेच क्षेत्र हा रकाना सर्वांत काटेकोरपणे वाचते. आणि टार्गेट दुसऱ्या देशातले असेल तर प्रत्यार्पण. एका ब्रिटिश तरुणाला २०१३ मध्ये अटक झाली. त्याला अमेरिकेकडे सोपवायचे नाही, हा निकाल लागला फेब्रुवारी २०१८ मध्ये. चार वर्षे तो माणूस फक्त वाट पाहत होता.

कॅनडात २०१२ च्या विद्यार्थी आंदोलनाच्या वेळी सरकारी संकेतस्थळांवर हल्ले करणारा एक आरोपी १२ वर्षांचा निघाला. पाचवीतला. राजकारण त्याला कळत नव्हते. मिळवलेली माहिती तो अ‍ॅनॉनिमसला व्हिडिओ गेमच्या बदल्यात देत होता. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने नोंदवले आहे की, २०१५ मध्ये त्यांच्या सायबर तपासांतल्या संशयितांचे सरासरी वय १७ होते. अमली पदार्थांच्या प्रकरणांत तेच ३७. तुमच्या चॅनेलवर कोण आहे, हे तुम्ही विचारत नाही. न विचारणे ही तुमची सोय आहे.

तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. संकेतस्थळ अडवणे म्हणजे रस्ता रोको किंवा धरणे, असे तुम्ही म्हणता. यात तथ्य आहे. जून २००१ मध्ये लुफ्तान्साच्या विमानांतून निर्वासितांना परत धाडले जात होते, त्याविरुद्ध हजारो लोकांनी ठरवून एकाच वेळी कंपनीचे संकेतस्थळ उघडले. संयोजकाने ते आधी जाहीर केले होते. खालच्या न्यायालयाने त्याला २००५ मध्ये दोषी ठरवले, पण मे २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले: यात बळजबरी नाही, असे म्हणून. तुमच्यातले काही जण हा निकाल अजून दाखवतात. त्यानंतर जर्मनीने २००७ मध्ये कायदाच बदलला, हे मात्र ते सांगत नाहीत.

आणि कायदेभंगाचीच परंपरा सांगायची, तर ती पूर्ण सांगा. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षे मिळाली. नेता सर्वांत आधी, नाव लावून, परिणाम माहीत असताना उभा राहिला. तुमच्या रचनेत नेता सर्वांत शेवटी सापडतो, आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्याला आपण रांगेत आहोत हेही माहीत नसते. प्रौढ माणसाने सगळे समजून बटण दाबले तर मी त्याच्याशी वाद घालीन, पण त्याचा मान राखीन. न सांगता दुसऱ्याच्या मुलाकडून ते दाबून घेण्याला मी आंदोलन म्हणत नाही.

तर माझ्या मागण्या. अठरा वर्षांखालच्यांना टूल देऊ नका, आणि वय विचारा. नोंदणीच्या पहिल्याच संदेशात लिहा की हा बहुतेक देशांत फौजदारी गुन्हा आहे, टूलने पत्ता लपत नाही आणि पकडले गेल्यास गट वकील देणार नाही. देणार असाल तर तसे लिहा. क्रमवारी आणि बॅज बंद करा. रुग्णालये, पाणी, वीज यादीतून कायमची काढा. यांतले तुम्ही काही कराल अशी मला फारशी आशा नाही. खरे बोलल्यावर भरती कमी होते हे तुम्हालाही कळते.

म्हणून उरलेले चार शब्द थेट त्या मुलांसाठी, जी हे पत्र तुमच्याच चॅनेलवर कुणी टवाळीसाठी टाकले म्हणून वाचत असतील.

अजून काही केले नसेल, तर हे कौशल्य वापरायला उघड जागा आहेत: सीटीएफ स्पर्धा (हॅकिंगची कायदेशीर कोडी सोडवण्याच्या), बग बाउंटी (कंपनीच्या परवानगीने त्रुटी शोधून बक्षीस मिळवणे), मुक्त स्रोत प्रकल्प. फक्त बग बाउंटीतही कंपनीने आखून दिलेल्या हद्दीबाहेर हात घालू नकोस. ‘मदत करत होतो’ हा बचाव तिथेही चालत नाही. ब्रिटनमध्ये ‘सायबर चॉइसेस’ आणि नेदरलँड्समध्ये ‘हॅक राइट’ असे कार्यक्रम आहेत, जिथे पहिल्यांदा चुकलेल्या तरुणांना तुरुंगाऐवजी शिकण्याच्या वाटेवर वळवतात. सगळीकडे अशी सोय नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नकोस.

एखादे टूल चालवून झाले असेल, तर आजच थांब. घाबरून फोन फॉरमॅट करू नकोस, चॅट पुसू नकोस. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा होतो आणि समोरच्या बाजूचे लॉग तसेही तुझ्या हातात नाहीत. गटातल्या कुणाला सल्ला विचारू नकोस, कारण पलीकडे कोण बसले आहे हे तुला माहीत नाही. घरी सांग. ओरडा बसेल, पण झडतीच्या दिवशी दारात पोलिस बघून कळण्यापेक्षा ते बरे. वकील गाठ, आणि पोलिसांशी बोलायचे ते वकिलाला विचारून. गप्प राहण्याचा अधिकार जवळपास सगळीकडे आहे, खोटे बोलण्याचा कुठेही नाही. स्टूबेनव्हिलच्या त्या तरुणाच्या दोन वर्षांत त्याचाही वाटा होता.

कळावे,
संगणक सुरक्षा शिकवणारी एक शिक्षिका